धूरज्योतिषी

रायपूरची थंडी तशी दाखवण्यापुरतीच. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १२-१३ अंशांवर आला की गाव शेकोट्या पेटवतं आणि आमचे काका कानटोपी चढवून टाटीबंधकडे निघतात, उभ्या ट्रकांची नाडी बघायला. बोलावलेलं कुणीच नसतं. पहाटे कुठलं तरी इंजिन खोकलं की तेच आमंत्रण.

मुंबई-कोलकाता हमरस्त्यावर ट्रक जिथे जिथे रात्रीचे थांबतात तिथे तिथे या जातीचा एकेक नमुना सापडतो. आमच्या वाट्याला मराठी आलाय. सरकारी नोकरीतून निवृत्त. आयुष्यभर स्कूटर चालवली. ट्रकच्या केबिनमध्ये गुडघ्यांमुळे कधी चढणं झालं नाही. पण डिझेल हे माणसाचं नाव होतं आणि तो माणूस १९१३ साली बोटीवरून नाहीसा झाला, हे ते प्रत्येक ड्रायव्हरला सांगतात. तेही अशा सुरात, की त्या रात्री बोटीवर आपण असतो तर वाचला असता.

काकांचं शास्त्र धुरावर चालतं. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, निळा म्हणजे गाडी ऑइल पितेय. यातलं काहीही खोटं नाही. अडचण एवढीच की काकांना मोतीबिंदू आहे. म्हणून रंग ते ड्रायव्हरलाच विचारतात आणि त्याने सांगितला की, "नीट बघ!" म्हणून त्याच्यावरच डाफरतात.

मागच्या वर्षी त्यांनी एका सकाळी जाहीर केलं, "डिझेलनं मेण धरलंय." पुरावा काय, तर घरातलं खोबरेल थिजलं होतं. खोबरेल बिचारं २४-२५ अंशांखालीच थिजतं. डिझेलमध्ये मेण धरतं हे खरंच, पण त्याची खरी धास्ती लडाखला. तिथे उणे ३३ अंशांतही वाहतं राहील असं डिझेल २०१९च्या नोव्हेंबरात आणावं लागलं. टाटीबंधला आणावी लागते ती फक्त शाल.

तरीही काकांचं निदान आजवर एकदाही चुकलेलं नाही, आणि त्यातली मेख मला फार उशिरा कळली. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून सतराव्या हिश्शाएवढ्या जागेत कोंबायची, ती पाचशे अंशांच्या वर तापते, तिच्यावर डिझेलचा फवारा मारायचा की पेट घेतो. पहाटे गार पडलेलं लोखंड ती उष्णता गिळून टाकतं, म्हणून धूर, म्हणून मिसिंग. दहा मिनिटांत लोखंड तापतं आणि यातलं बरंचसं आपोआप थांबतं. त्या दहा मिनिटांत काका कुणाला रेस द्यायला लावतात, कुणाला डिझेलची एअर काढायला, एकाला तर नुसतं बॉनेट आपटायला लावलं होतं. गाडी सुधारतेच. सर्दीवरच्या औषधासारखं आहे हे, फक्त सात दिवसांऐवजी दहा मिनिटं.

माझ्या मेहुण्याचा जुना, नाकाड्या ट्रक आहे. हिशेब मी ठेवतो, म्हणून तोट्याच्या वेळी मला बोलावणं येतं. सेल्फ मारला की पहिली दहा मिनिटं गाडी एका पायाने लंगडायची, डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर सोडायची, मग शहाण्यासारखी चालायची. काका आले. स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावलं, मूठ कानाला. म्हणजे कानटोपीला. डोळे मिटले. "गॅस्केट." थोड्या वेळाने, "नाही, फीड पंप." मग टॅपेट, मग थर्मोस्टॅट. काकांचा चहा येईपर्यंत सगळं इंजिन बदलून झालं होतं.

तेवढ्यात आमचा क्लीनर, छत्तीसगढी पोरगा, बॉनेटखालून डोकं काढून म्हणाला, "थोरकुन चाय देव न, कका." काकांनी कौतुकाने ग्लास पुढे केला. त्याने तो तोंडाला लावलाच नाही. बोट बुडवलं आणि गाडी सुरू करून दोन-तीन मिनिटं झाली असतील, मॅनिफोल्डच्या सहा तोंडांवर एकेक थेंब सोडत गेला. चुर्र. चुर्र. चुर्र. चौथ्यावर काही नाही; चहा गुपचूप ओघळून खाली आला. पाचव्यावर पुन्हा चुर्र.

चौथा सिलिंडर थंड होता. नोजल काढून पंपवाल्याकडे नेला. त्याने टेस्टरवर चढवून दाबलं, तर फवारा उडायच्या जागी थेंब टपकत होते. लोखंड तापलं की ते थेंबही कसेबसे जळून जायचे, म्हणून दहा मिनिटांनी रोग दडी मारायचा. नोजल बदलला. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी पहिल्या सेल्फला उठली, आणि काका जरा हिरमुसल्यासारखे वाटले.

माझी समजूत चुकली. संध्याकाळी चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळात गेलो तर काकांभोवती चार-पाच जण जमले होते.

"पण काका, निदान तर त्या पोरानं केलं ना?"

"केलं ना. कशानं केलं?"

"चहानं."

काकांनी कानटोपी नीट केली. "आणि चहा कोणाचा होता?"