अभिनंदनाचा ठराव

न्यूकॅसलच्या ‘व्हॉटकल्चर’ या वाहिनीचे जाहीर अभिनंदन. यूट्यूबवर कुस्तीच्या उणिवांच्या याद्या वाचता वाचता या मंडळींनी 2016 मध्ये स्वतःचीच कुस्ती कंपनी काढली. ‘मग तुम्हीच करून दाखवा’ या टोमण्याला इतके आज्ञाधारक उत्तर क्वचितच मिळते. कॅमेऱ्यासमोरचेच चेहरे आखाड्याचे कारभारी झाले. याच न्यायाने हवामान खात्याने आता पाऊसही स्वतःच पाडावा. निदान अंदाज तरी चुकणार नाही.

निकाल आधीच लिहून ठेवण्याच्या या धंद्यात पटकथा न वाचता उतरला तो एकटा जाहिरातदार. 2017 मध्ये यूट्यूबवरची जाहिरातींची कमाई आटली, कंपनीचे नाव ‘डिफायंट’ झाले, 2019 मध्ये गाशा गुंडाळला. नुकसान मात्र शून्य: ‘बुडण्याची दहा कारणे’ या यादीला घरचाच विषय मिळाला.