प्रायोगिक तत्त्वावर

नगरपालिकेत ज्या कामाला खातं नसतं, त्या कामालाही एक साहेब असतो. पाणीपुरवठा, आरोग्य, बांधकाम, कर, लेखा, सगळे आपापली टेबलं राखून बसलेले असतात. मधूनच वरून एखादं पत्र येतं आणि ते कुठल्याच टेबलावर टिकत नाही. भटक्या कुत्र्यांची गणना, सायकल ट्रॅक, फुलपाखरू उद्यान, सेल्फी पॉइंट. मुख्याधिकारी पत्र दोनदा वाचतात, चष्मा काढून पुसतात आणि समासात लिहितात, ‘विशेष प्रकल्प’. शिपाई ते घेऊन जिन्याखालच्या खोलीत जातो. तिथं आमचे प्रकल्पसाहेब बसतात.

गावाचं नाव सांगत नाही. कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर, तुम्ही नगर जिल्ह्यातल्या ज्या गावचे असाल तिथले समजा. साहेब सगळीकडे तेच, जिना तेवढा वेगळा.

साहेबांचं मूळ पद कनिष्ठ अभियंता, स्थापत्य. विशेष प्रकल्प हा अतिरिक्त कार्यभार. त्याला वेगळा पगार नाही, माणूस नाही, पंखाही नाही; शिक्का मात्र वेगळा आहे. तो साहेबांनी कोर्टासमोरच्या टपरीवरून स्वखर्चानं करून आणला आणि त्याचं बिल आजतागायत लावलेलं नाही. माणूस प्रामाणिक आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं वाचताना शंका येऊ नये.

साहेब कुठलीही गोष्ट सरळ करत नाहीत, प्रायोगिक तत्त्वावर करतात. घरी वहिनींनी एकदा बाजरीऐवजी नाचणीची भाकरी वाढली. साहेब म्हणाले, “छान आहे. आठवडाभर प्रायोगिक तत्त्वावर ठेवू, फीडबॅक घेऊ, मग व्याप्ती वाढवू.” वहिनींनी फीडबॅक लगेच दिला. तो शेजारच्या दोन घरांत ऐकू गेला.

प्रकल्पाच्या पायऱ्या साहेबांना रामरक्षेसारख्या पाठ आहेत. टिप्पणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. निविदेपर्यंत त्यांचा चेहरा कसा फुललेला असतो. कार्यारंभ आदेश निघाला की ते उदास होतात, कारण त्यानंतर काम सुरू व्हायची भीती असते. सुरू झालेलं काम बांधकाम खात्याकडे जातं आणि साहेबांच्या हाती नुसती जावक वहीची नोंद उरते.

त्यांचा सुवर्णकाळ म्हणजे ‘माझी वसुंधरा’ अभियान. २०२० च्या गांधी जयंतीला राज्यानं ते सुरू केलं आणि पालिकांना पृथ्वी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांवर गुण द्यायचं ठरवलं. साहेबांनी त्याच दिवशी पाच फायली उघडल्या. पृथ्वीच्या फायलीत वृक्षलागवडीचे जिओ टॅग केलेले फोटो. अग्नीच्या फायलीत एलईडी दिव्यांची बिलं. वायूच्या फायलीत सायकल फेरीचे फोटो. फेरीला आलेले निम्मे सायकलवर आणि निम्मे त्यांचे फोटो काढायला मोटरसायकलवर. जलाची फाईल बारीक, कारण गावात पाणी चार दिवसांआड. सगळ्यांत जाड झाली ती आकाशाची. जे कुठं बसेना, ते साहेबांनी आकाशात घातलं. लेखा विभागातल्या बाई म्हणाल्या, “साहेब, आमची थकीत बिलंही घाला की तिथं.”

सादरीकरण हा त्यांचा खरा प्रांत. पहिली स्लाइड कायम निजामशाहीची. अहमद निजामशहानं नगर वसवलं, पुढं कापूरवाडी, शेंडी, वडगावकडून खापरी नळांनी शहरात पाणी आणलं गेलं, त्यावर हौद आणि कारंजी चालली. “पंप नाही, वीजबिल नाही, सगळं उतारावर!” असं म्हणून साहेब पडद्याकडे हात करतात आणि हटकून लाइट जाते. अंधारात कुणीतरी म्हणतं, “निजामशाहीच बरी होती.”

अभ्यासदौऱ्याची आवड कुणाला नसते? साहेबांना हिवरे बाजारला पाठवलं. ते आपल्याच जिल्ह्यात, नगरजवळ, त्यामुळे विमानाचा प्रश्न आला नाही, ही त्यांची बारीकशी खंत. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले तेव्हापासूनची त्या गावाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गाव पाऊस मोजतं, विहिरींची पातळी बघतं, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि रब्बीला काय पेरायचं ते त्यावरून ठरवतं. पाऊस कमी तर पिकं कमी. उसाला आणि केळीला मनाई, शेतीसाठी बोअरला मनाई. साहेबांनी सगळं उतरवून घेतलं आणि पारावरच्या एका म्हाताऱ्याला विचारलं, “याचा डीपीआर कुणी केला?”

“काय कुणी केला?”

“म्हणजे कन्सल्टंट कोण होते?”

“पाऊस पडला तेवढा लिहिला, सायेब. त्याला कोण पायजे?”

साहेबांनी वहीत लिहिलं, ‘कन्सल्टंट : निरंक.’ हा शब्द लिहिताना त्यांचा हात थोडा थरथरला असावा. अक्षर वाकडं आलंय.

परत आल्यावर त्यांनी ‘चोवीस तास पाणी’ हा प्रकल्प हाती घेतला. प्रायोगिक तत्त्वावर एका गल्लीत. जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या गावांचं गणित असं, की कालव्याला आवर्तन सुटलं की साठवण तलाव भरायचा आणि पुढचं सुटेपर्यंत तो पुरवायचा. आवर्तन आठ दिवस लांबलं की गावाची आंघोळ लांबते. साहेबांच्या अहवालात मात्र माणशी रोज १३५ लिटर हा निकष ठळक अक्षरांत आणि गल्लीचा रंगीत नकाशा. नकाशावर निळ्या रेघा म्हणजे जलवाहिन्या, लाल ठिपके म्हणजे व्हॉल्व्ह.

साहेब टॅब घेऊन लाल ठिपक्यावर जाऊन उभे राहिले. तिथं पानटपरी होती. पानवाला म्हणाला, “पान लावू?” तेवढ्यात वॉलमन मामा सायकलवरून आले. खांद्याला लोखंडी चावी, डोक्याला टोपी, नोकरीची तीस वर्षं पायांत.

“मामा, इथला व्हॉल्व्ह कुठं गेला?”

“कुठं जातोय? टपरी सरकली त्याच्यावर. मी मागल्या अंगानं हात घालून फिरवतो.”

मग मामांनी साहेबांना एक प्रयोग दाखवला. गल्लीच्या तोंडाशी झाकण काढलं, चावीचं टोक पाइपाला टेकवलं, दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटले. पुढं गेले, पुन्हा ऐकलं. तिसऱ्या विजेच्या खांबापाशी थांबले. “हितं गळतंय. रातच्याला आणखी नीट ऐकू येतं.” खणलं तर जोड सुटलेला. रंगीत नकाशावर तिथं निळी रेघ अगदी सरळ, निरोगी होती.

वेळापत्रक म्हणून मामांनी खिशातून घडी घातलेले कागद काढले. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तेव्हा जुन्या नावाची कोरी पत्रशीर्षं गठ्ठ्यानं पडून राहिली. मामांनी त्यांच्या पाठीवर गाव लिहून काढलं होतं. ‘शाळेमागची गल्ली. उंचावर. आधी सोडणे. ४० मिनिटं.’ ‘मारुतीसमोर. दोघं नळाला मोटार लावतात. शेवटी सोडणे.’ ‘अध्यक्षांची गल्ली. तक्रार येते. पाणीही येते.’

साहेबांनी विचारलं, “याला मंजुरी कुणाची?”

“उंचवट्याची,” मामा म्हणाले.

एरवी साहेबांनी तिथल्या तिथं ‘पारंपरिक ज्ञान दस्तऐवजीकरण प्रकल्पा’ची टिप्पणी ठोकली असती. पण आर्थिक वर्ष संपत आलं होतं, निधी गोठलेला, संगणकाचा चालक रजेवर. नाइलाजानं त्यांनी मामांबरोबर पहाटे गल्लीत जायला सुरुवात केली. शेवटच्या घराच्या नळाखाली हंडा ठेवायचा, मोबाइलवर वेळ लावायची, आकडा पत्रशीर्षाच्या पाठीवर लिहायचा. पहिल्या दिवशी हंडा भरायला अकरा मिनिटं. गळती बांधली, सोडायचा क्रम बदलला, मोटारवाल्यांच्या दारात साहेब स्वतः उभे राहिले. आकडा नवावर आला, मग सातावर, मग चारावर अडला. चोवीस तास पाणी काही आलं नाही. पण आलं त्या दिवशी शेवटच्या घरच्या आजींना शेजारणीकडे कळशी घेऊन जावं लागलं नाही. त्यांनी साहेबांना चहा दिला. बायोमेट्रिक हजेरी दहाची, माणूस कामावर साडेपाचला. साहेबांच्या नोकरीत असा विक्रम दुसरा नाही.

गडबड झाली ती लेखापरीक्षणात. आक्षेप आला. ‘सदर गल्लीतील पाणीपुरवठा सुरळीत झाल्याचे दिसून येते. तथापि त्याबाबतचा ठराव, अंदाजपत्रक व मान्यता नस्तीत आढळून येत नाही. खुलासा करावा.’ साहेबांनी खुलासा केला, ‘खर्च : निरंक. कन्सल्टंट : निरंक.’ त्यावर शेरा आला, ‘खुलासा अमान्य. निरंक खर्चाचे प्रमाणक जोडावे.’

पत्रव्यवहार अजून चालू आहे. दरम्यान मामा पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत आणि त्यांची जागा भरली जाणार नाही, असं आस्थापना विभागानं कळवलं आहे. साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं, शिक्क्यावर फुंकर मारली आणि नवा प्रस्ताव लिहिला, ‘श्रवणाधारित गळतीशोधन व समन्यायी वितरण, विशेष प्रकल्प.’ आत खोलवर, सातव्या पानावर, साहित्याच्या यादीत एक लोखंडी चावी आहे आणि तिच्याखाली, एक माणूस. भरतीवर बंदी आहे, प्रकल्पांवर नाही.