काही करत नाही तो!

बाणेर-बालेवाडीकडच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये हल्ली एक गृहस्थ भेटतात. कमरेला खाऊचं पाउच, मनगटाला दोन वेढे दिलेला पट्टा आणि पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला पंचवीस-तीस किलोंचं, काळ्या तोंडाचं, कान ताठ केलेलं बेल्जियन मॅलिनॉइज. आरशाला पाठ लावून उभ्या राहिलेल्या काकूंना ते प्रसन्नपणे सांगतात, "घाबरू नका, काही करत नाही तो. ट्रेन्ड आहे. रेस्क्यूमधून घेतलाय." यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण गृहस्थांच्या घरातल्या सोफ्याची जी अवस्था आहे, तिचं मूळ पहिल्याच वाक्यात सापडतं. बेल्जियममधल्या मेंढपाळांनी हा कुत्रा दिवसभर कळपामागे धावण्यासाठी वाढवला. 1891 साली प्राध्यापक अ‍ॅडॉल्फ रूल यांनी तिथल्या मेंढ्यांच्या कुत्र्यांची पाहणी करून त्यांचे प्रकार लावले, तेव्हापासून आजतागायत पैदास झाली ती मुख्यतः कामासाठी. पुढे पोलीस आले, लष्कर आलं. काही न करणं हा विषय या जातीच्या अभ्यासक्रमात कधी नव्हताच. काही करत नाही म्हणूनच तर तो सोफा उसवतो.

आता असा कुत्रा आपल्याकडे दोन बेडरूमच्या घरात आला कसा? पडद्यावरून आला. 2003 च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग पोराच्या मागे चालला आणि गल्लोगल्ली पग धापा टाकू लागले. मग एका गाजलेल्या परदेशी मालिकेतले लांडगे पाहून लोकांनी मुंबईच्या दमट हवेत हस्की आणले आणि त्यांच्यासाठी एसी चालू ठेवला. 2014 साली अमेरिकेतल्या नोंदी तपासून संशोधकांनी दाखवलं होतं की, चित्रपटात झळकलेल्या जातीची मागणी पुढे दहा वर्षांपर्यंत वाढलेली राहू शकते. मॅलिनॉइजला तर सिनेमाचीही गरज पडली नाही. 2011 मध्ये लादेनविरुद्धच्या अबोटाबादच्या कारवाईत 'कैरो' होता, 2019 मध्ये आयसिसच्या बगदादीच्या मागावर 'कोनन' होता आणि 2022 मध्ये अनंतनागच्या चकमकीत गोळ्या लागलेल्या आपल्या लष्कराच्या 'झूम'साठी सारा देश हळहळला. बातमी पाहून डोळे पुसलेल्यांपैकी काहींनी त्याच हाताने ब्रीडरला फोन लावले. पिल्लू दीड वर्षाचं झालं, ट्रेनरची फी भरून झाली, सोसायटीच्या ग्रुपवर भांडण झालं आणि कुत्रा रेस्क्यूच्या दारात पोचला. आपल्या गृहस्थांचा प्रवेश नेमका इथे होतो. ते पहिले मालक नव्हेत, दुसरे आहेत आणि म्हणून स्वतःला शहाणे समजतात. दुसऱ्याच्या पैशाने शिकून तयार झालेला कुत्रा, तोही मोफत, वर पुण्य! पुणेकराला याहून मोठा मोह कोणता?

चूक होते ती 'तयार' या कल्पनेत. हार्मोनियम विकत आणली म्हणून आधीच्या मालकाचा हात सोबत येत नाही. कुत्र्याचं शिक्षणही एकट्या कुत्र्यात नसतं, ते तो आणि त्याला हाताळणारा या जोडीत असतं. सुरक्षा दलांत कुत्रा आणि त्याचा हँडलर यांची जोडी जमवतात आणि टिकवतात ती उगीच नाही. हँडलर बदलला की शिकलेला कुत्रासुद्धा नव्या माणसाशी जुळवून घेताना पुन्हा मुळाक्षरांपासून गिरवतो. हुकूम एकदाच, त्याच सुरात द्यायचा आणि पाळला की त्याच क्षणी चेंडू किंवा खाऊ, हा त्यातला करार. आपले गृहस्थ म्हणतात, "बस. अरे बस ना. बसतोस का आता? बस म्हटलं ना, राजा!" कुत्र्याने यातला कोणता 'बस' अधिकृत मानायचा? तोवर हात पाउचच्या चेनशी झटापट करत असतो आणि खाऊ निघेपर्यंत कुत्रा उठून समोरच्या स्कूटरवर भुंकायला लागलेला असतो. बिस्किट मिळतं ते त्या भुंकण्याला. चार दिवसांत कुत्रा चोख शिकतो की स्कूटर दिसली की भुंकायचं. म्हणजे प्रशिक्षण चालूच आहे, फक्त अभ्यासक्रम कोणी ठरवलेला नाही. गंमत म्हणजे घरात आजी असतील तर तो त्यांचं ऐकतो. आजी एकदाच बोलतात, एकाच आवाजात बोलतात आणि जेवायला रोज ठरल्या वेळी घालतात. त्यांनी कुत्र्यावरचा एकही व्हिडिओ पाहिलेला नसतो.

यावर गृहस्थांचं म्हणणं असतं की, पिल्लापेक्षा हे सोपंच. ते काही अंशी मान्य करायला हवं. मोठा कुत्रा घरात घाण करत नाही, पट्ट्याला सरावलेला असतो, चपला चावण्याचं वय मागे पडलेलं असतं. (सोफ्याला वयोमर्यादा नाही.) पण त्याला जे जे येतं ते ते वापरायचं असतं. रविवारी सोसायटीच्या बागेत पोरं पळायला लागली की हा गोल फिरून त्यांना घसरगुंडीच्या कोपऱ्यात गोळा करतो, मागे राहिलेल्याच्या टाचेला तोंड लावतो. पोरांचे आईबाप याला हल्ला म्हणतात, कुत्र्याच्या लेखी ती हजेरी असते. दुसरा आक्षेप शेजाऱ्यांचा: असा कुत्रा फ्लॅटमध्ये ठेवणं हाच मुळी छळ. हे तितकंसं खरं नाही. बंगल्याच्या आवारात एकटा सोडलेला मॅलिनॉइज कुंपणालगत पळून पळून वाट पाडतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकतो. प्रश्न चौरस फुटांचा नाही, कामाचा आहे. ओळखीच्या वासाची पुरचुंडी घरात कुठेतरी लपवून शोधायला लावली, तर वीस मिनिटांत तो जितका शांत होतो तितका नुसता तासभर चालवून होत नाही. उलट रोज नुसतं पळवत राहिलं, तर हाती येतो तो अधिक दमसास असलेला तोच कुत्रा.

तिसरा आक्षेप जरा भावनेचा असतो: मग या कुत्र्यांनी रेस्क्यूच्या पिंजऱ्यातच राहायचं का? नाही ना. पण मग फॉर्मवर 'घरी कोण किती वाजता असतं', 'गावाला गेलात तर कुत्रा कुठे' असे प्रश्न विचारणाऱ्या, घर बघायला येणाऱ्या रेस्क्यूच्या स्वयंसेविकेवर गृहस्थ चिडतात कशाला? मुलगी दाखवायला आणल्यासारखं वाटतं म्हणे. या सगळ्या व्यवहारात डोकं ताळ्यावर असलेली तीच एक व्यक्ती. तिला ठाऊक असतं की, हा कुत्रा आधीच एकदा परत आलाय आणि दरवेळी परत आलेला कुत्रा पुढच्या घराला अधिक जड जातो. कष्टाला तयार नसलेल्या दयाळू माणसाने निवृत्त कुत्रा घ्यावा. लष्कराचे वय झालेले श्वान मेरठच्या केंद्रातून नागरिकांनाही दत्तक मिळू शकतात. त्यांना हवी असते दुखऱ्या सांध्यांखाली गादी आणि औषधपाण्याची सोय. पण म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन लिफ्टमध्ये उभं राहिलं तर काकू मागे सरकत नाहीत, हीच तर अडचण.

आणि तरीही यातले बरेच गृहस्थ टिकतात, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवायला हवी. वर्षभराने बघावं तर माणूस साडेपाचला वेताळ टेकडीवर असतो, पोट उतरलेलं असतं, रात्रीच्या पार्ट्या सुटलेल्या असतात आणि हुकूम एकाच शब्दात, एकदाच निघतो. ऑफिसातली मंडळी चकित होतात. कुत्र्याने शांत चित्ताने, न रागावता, सातत्याने हे घडवून आणलेलं असतं. गृहस्थ मात्र सगळ्यांना सांगतात, "फार मेहनत घेतली मी त्याच्यावर." सोफा बदलून झालाय. आता कुत्र्याला घरात एकटं वाटतं, कोणाची तरी सोबत हवी, असं त्यांचं मत पडलंय आणि एका ट्रेन्ड बॉर्डर कोलीची चौकशी चालू आहे.