अस्वलाचे सोवळे

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती सनीव्हेल, फ्रीमाँट, सॅन होजे अशा शहरांत स्थिरावलेल्या मराठी मंडळींत जे ठळक मानवी प्रकार आढळतात, त्यांपैकी हौशी नाटकाचा दिग्दर्शक, ढोलपथकाचा प्रमुख आणि गणेशोत्सवाचा खजिनदार यांच्याविषयी पुष्कळ बोलले जाते. कॅम्पनायक हा प्रकार मात्र, उपद्रवमूल्यात त्यांच्याहून तसूभरही कमी नसताना, उपेक्षित राहिला आहे. कॅम्पनायक म्हणजे दर उन्हाळ्यात चार-पाच कुटुंबांना एखाद्या राष्ट्रीय उद्यानातील तंबूंच्या तळावर, अर्थात कॅम्पग्राउंडवर, घेऊन जाणारा आणि तेथे पोचल्यावर त्यांना क्षणभरही स्वस्थ बसू न देणारा गृहस्थ. तो पन्नाशीच्या आसपासचा असतो, संगणकाच्या धंद्यात असतो आणि त्याच्या विजारीला कोणत्याही माणसाला लागतील त्याहून अधिक खिसे असतात. ज्यांची मुले तिकडे राहतात त्यांना तो भेटलेला आहे, आणि ज्यांची राहत नाहीत त्यांना चारधाम यात्रेच्या बसमध्ये त्याचा मोठा भाऊ भेटलेला आहे. तेव्हा अधिक परिचय करून देण्याचे कारण नाही.

त्याचे लाडके क्षेत्र म्हणजे कॅलिफोर्नियातील सिकोया राष्ट्रीय उद्यान. १८९० साली स्थापन झालेल्या या उद्यानात, कविया नदीच्या मधल्या फाट्याच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० फुटांवर ओकच्या रानात बकआय फ्लॅट नावाचा छोटा तळ आहे. तेथे जागा अवघ्या २८ असून त्या केवळ तंबूंसाठी आहेत. चाकांवरची घरे घेऊन येणाऱ्यांना तेथे प्रवेश नाही. या जागा संकेतस्थळावर आगाऊ राखून ठेवाव्या लागतात आणि त्या सकाळी सात वाजता खुल्या होतात, त्यामुळे एरवी नऊच्या बैठकीलाही उशिरा उगवणारा कॅम्पनायक त्या दिवशी साडेसहालाच दोन संगणक आणि तीन भ्रमणध्वनी मांडून बसतो, व पत्नी, मेव्हणा आणि शेजारचा तामिळ मित्र अशा तिघांनाही निरनिराळ्या खोल्यांतून तेच बटण दाबायला लावतो. जागा मिळते. ती कोणाच्या बटणामुळे मिळाली यावरचा वाद पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरतो.

तथापि कॅम्पनायकाचे खरे स्वरूप प्रकट होते ते तळावरील लोखंडी पेटीपाशी. प्रत्येक जागेवर लाकडी मेज आणि विस्तवाची जागा यांच्या शेजारी अशी एक जड झाकणाची पेटी जमिनीला पक्की केलेली असते. अस्वलाच्या पंजाला उघडणार नाही अशी तिची कडी असल्यामुळे तिला बेअर बॉक्स म्हणतात. उद्यानाचा नियम असा, की खाद्यपदार्थच नव्हे, तर ज्या ज्या वस्तूला वास आहे ती प्रत्येक वस्तू या पेटीत ठेवावी, कारण येथील काळे अस्वल (जे रंगाने पुष्कळदा तपकिरी असते) फार दुरून वास घेते आणि एकदा माणसाच्या अन्नाला चटावले की त्याचा शेवट बहुधा वाईट होतो. नियम साधा आहे आणि इतर लोक तो साधेपणाने पाळतात. कॅम्पनायकाने मात्र त्यातून एक शास्त्र उभारले असून त्याचे महावाक्य ‘याला वास आहे’ हे आहे.

सूर्य कलू लागला, की कॅम्पनायक कपाळावर पट्ट्याचा दिवा बांधून तंबूतंबूतून फिरू लागतो, प्रत्येक पिशवीत नाक घालतो आणि निकाल देतो. टूथपेस्टला वास आहे, ओठांच्या मलमाला वास आहे, बाळाच्या ओल्या रुमालांना वास आहे. येथवर उद्यानाचे अधिकारीही त्याच्या बाजूचे असतात. त्यानंतर तो स्वतंत्र संशोधनाच्या प्रांतात शिरतो. कोणाच्या तरी पर्समधील दोन वर्षांपूर्वीच्या बडीशेपेला वास आहे. धुऊन आणलेल्या कुकरच्या शिट्टीला वास आहे. गोडा मसाला, मेतकूट आणि लसणाची चटणी यांचा तर प्रश्नच नाही, मात्र हिंगाच्या बाबतीत स्वतः कॅम्पनायकांतच दोन पंथ आहेत: हिंगाच्या वासाने अस्वल ओढले जाते असे एक पंथ मानतो आणि दूर पळते असे दुसरा, या वादाचा निर्णय कोणत्याही अस्वलाने अद्याप दिलेला नसल्यामुळे दोन्ही पंथ हिंगाची डबी तीन डब्यांच्या आत ठेवतात, आणि आमटीला फोडणी देण्याची वेळ आली की तिचा शोध लागत नाही.

अशाच एका तळावर कोणाचे तरी सासरे रात्री गुडघ्याला अमृतांजन चोळून पांघरुणात शिरले असता, दहानंतर शांतता पाळण्याचा नियम असल्यामुळे कॅम्पनायकाने तंबूच्या पडद्याबाहेरून अत्यंत दबक्या आवाजात ‘काका, याला वास आहे’ असे सुचविले. ‘अरे, वास आहे म्हणूनच लावतो,’ असे उत्तर आतून पूर्ण आवाजात आले. बाटली पेटीत गेली. गुडघ्याचे काय करावे यावर बाहेर बराच वेळ कुजबुज झाली. त्याच तळावर एका काकूंनी केसांना खोबरेल लावलेले निघाल्यावर तर शास्त्राची फारच कोंडी झाली, कारण डोके पेटीत ठेवता येत नाही, ही त्या पेटीच्या रचनेतील उणीव आहे.

या छळाला आधार नाही असे म्हणता येत नाही, हीच खरी अडचण आहे. सिकोयाच्या उत्तरेस, त्याच सिएरा नेवाडा पर्वतरांगेत असलेल्या योसेमिटी उद्यानात १९९८ या एका वर्षात अस्वलांच्या उपद्रवाच्या दीड हजारांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या, आणि त्यांत गाड्यांची दारे वाकवून आत शिरण्याचे प्रकार विपुल होते. पुढे २००१ ते २००७ या काळात तेथे फोडल्या गेलेल्या गाड्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मिनीव्हॅन, म्हणजे मुलाबाळांच्या कुटुंबांची ती ऐसपैस गाडी, अस्वले तिच्या संख्येच्या मानाने कितीतरी अधिक वेळा निवडतात असे दिसून आले. लहान मुले मागच्या आसनांवर खाऊ सांडतात, हे त्याचे एक संभाव्य कारण अभ्यासकांनी दिले. कॅम्पनायकाकडे मिनीव्हॅन असते. हा अभ्यास त्याला मुखोद्गत असतो आणि चार-पाच तासांच्या प्रवासात चिवड्याचा पुडा उघडला जाण्याचा आवाज आला, की तो गाडी चालवता चालवता त्याचे निष्कर्ष सांगू लागतो. सर्वांत मोठे घनफळ असलेले जगातील झाड, जनरल शर्मन, याच उद्यानात वरच्या उंचीवर उभे आहे; परंतु निघण्यापूर्वी गाडीच्या आसनांतील शेवेचे तुकडे वेचण्याचा विधी चालत असल्यामुळे कॅम्पनायकाची मंडळी तेथे पोचेपर्यंत गाड्या लावण्याची जागा भरलेली असते.

या सर्व आचारांत मराठी वाचकाला काहीतरी ओळखीचे जाणवेल, आणि ते अकारण नाही. स्वयंपाक करताना जे कपडे अंगावर होते ते घालून झोपू नये, असा सल्ला अस्वलांच्या प्रदेशात हिंडणाऱ्यांना दिला जातो. कॅम्पनायक हा सल्ला घटनेच्या कलमासारखा राबवतो: चुलीपाशी जाण्याचे कपडे वेगळे, तंबूत शिरण्याचे वेगळे, एकाचा दुसऱ्याला स्पर्श नको, आणि चुकून झालाच तर पुन्हा कपडे बदलून या. ज्या माणसाने विशीत असताना आजीच्या सोवळ्याची, म्हणजे स्वयंपाकघरातील त्या स्पर्शास्पर्शाच्या कडक शिस्तीची, यथेच्छ टिंगल केली, घरात लोणच्याच्या बरणीला मुद्दाम हात लावला आणि या विषयावर महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवले, त्याच माणसाने सात समुद्रांपलीकडे ओकच्या झाडाखाली ते सोवळे साग्रसंगीत पुन्हा उभे केले आहे. फरक इतकाच, की आजीला का म्हणून विचारले तर ती चिडत असे, आणि याला विचारले तर हा शोधनिबंध दाखवतो.

तळाच्या आखणीवरही त्याचे एक व्याख्यान आहे, पण ते येथे थोडक्यात दिलेले बरे. मोटारी हव्या तेथे घुसवल्याने मुळांवरची माती दबून झाडे खंगतात, असे वनस्पतिरोगांचे अभ्यासक ई. पी. माइनेके यांनी दाखवले आणि १९३२ च्या सुमारास एकेरी वळणाचा रस्ता, त्यालगत गाडीची ठरावीक जागा आणि हलवता न येणारे मेज अशी रचना सुचवली. अमेरिकेतील तळ आजही बहुतांशी तसेच आखले जातात. कॅम्पनायक हे सारे तंबूची खुंटी हातात धरून सांगतो. ती खुंटी ठोकण्याचे काम तोपर्यंत थांबलेले असते.

नदीच्या बाबतीत मात्र त्याची थट्टा करणे कठीण जाते. ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी कविया वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने फुगलेली असते. पाणी हाडे गोठवणारे, प्रवाह वेगवान आणि गोटे गुळगुळीत, आणि या उद्यानात सर्वाधिक मृत्यू बुडून होतात हे अधिकारी वारंवार सांगतात. हे पाणी काठावरून तितके भयंकर दिसत नाही. कृष्णा-पंचगंगेत पोहून वाढलेले एखादे मेव्हणे ‘यात काय आहे’ म्हणत सदरा काढू लागले, की एरवी अघळपघळ बोलणारा कॅम्पनायक दोन शब्दांत नको म्हणतो आणि त्या नात्याची फिकीर न करता हात धरून मागे ओढतो. दिवसभरात तो मुले कितीदा मोजतो याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, कारण मोजताना तो चुलीकडे काहीतरी शोधत असल्याचे भासवतो.

एका कॅम्पनायकाची आई नाशिकहून आली असता तळावर जे घडले, ते या प्रकाराच्या आकलनासाठी महत्त्वाचे आहे. बकआय फ्लॅटच्या वाटेवर हॉस्पिटल रॉक नावाचा मोठा खडक असून त्या परिसरात पूर्वी पॉटविशा हे मूळनिवासी लोक राहत. ओकची फळे कुटण्यासाठी त्यांनी वापरलेले खोल खळगे तेथील कातळात अजून आहेत. मुलगा माहितीफलक वाचून दाखवू लागला तोच मातोश्री खाली वाकून त्या खळग्यांत हात घालून, ‘उखळं आहेत रे, वाचतोस काय,’ म्हणाल्या. संध्याकाळी तपासणी सुरू झाली तेव्हा साऱ्या तळावर त्या एकट्याच अशा निघाल्या, की ज्यांनी वाद घातला नाही. उलट चुलीचे पातळ आधीच वेगळे काढून, आपले तेल, बाम आणि सुंठेची पूड एका डब्यात भरून त्यांनी तो मुलाच्या हाती दिला, आणि त्याने पेटीला लावलेली कडी दुसऱ्यांदा स्वतः तपासली. कॅम्पनायकाला गुरू भेटला होता, आणि आयुष्यभर ज्यांना तो हसला त्यांच्यातलाच हा गुरू होता. डब्यावर त्यांनी कागद चिकटवून ‘वासाचे’ असे लिहिले होते.

त्या पुन्हा तिकडे गेल्या नाहीत. पुढच्या वर्षी नाशिकलाच वारल्या. तो डबा दर उन्हाळ्यात तळावर येतो, त्यात आता मुलांची टूथपेस्ट असते, आणि पेटी भरताना तो सर्वांत आधी आत ठेवला जातो. त्याला स्वतःला वास आहे की नाही हे मात्र कोणी तपासत नाही. सोबतची मंडळी एरवी या माणसाच्या प्रत्येक गोष्टीवर विनोद करतात. डब्याविषयी कोणी काही बोलत नाही.

असा माणूस त्रासदायक आहे यात शंका नाही. रात्री अकरा वाजता कोणाच्याही पिशवीत नाक घालणाऱ्याला दुसरे कोणते विशेषण लावता येत नाही. परंतु त्याच्या तळावरून आजवर कोणतेही मूल हरवलेले नाही, कोणतीही गाडी फुटलेली नाही, आणि पहाटे थंडीने काकडत उठणाऱ्यांच्या हाती पडणारा आल्याचा चहा त्यानेच सर्वांच्या आधी उठून, कपडे बदलून केलेला असतो. ज्यांना त्याचे आमंत्रण येईल त्यांनी ते स्वीकारावे. मात्र आदल्या दिवशी डोक्यावरून न्हावे आणि केसांना तेल लावून जाऊ नये.