फरक कळला का, मालक?

संगणकावर गाणी वाजवून ‘फरक कळला का, मालक?’ असे दर कडव्यागणिक विचारणारा गृहस्थ आपणा सर्वांच्याच ओळखीत असतो. आमच्या सोलापुरात ती जहागीर पूर्व भागातल्या अण्णांकडे निर्वेधपणे चालत आली आहे.

मिडी फायलीत ध्वनी मुळीच नसतो, कोणत्या वाद्याने कोणता स्वर केव्हा आणि किती जोराने धरावा एवढे हुकूम तेवढे असतात, आणि त्या हुकुमांची तामिली यंत्रात भरलेले नमुने करतात, हे अण्णांनी मला इतक्या वेळा समजावले आहे की झोपेतही म्हणून दाखविता येईल. १९९१ साली ठरलेल्या जनरल मिडीच्या यादीत १२८ नेमणुका झाल्या. सतारीला १०५, शहनाईला ११२, एवढेच काय, हेलिकॉप्टरला १२६ आणि बंदुकीच्या बारालाही १२८ क्रमांक मिळाला. पण तबला, संबळ, हलगी यांचा त्या दफ्तरात उल्लेखही नाही. हेलिकॉप्टर हे वाद्य आणि हलगी नव्हे, या अन्यायाची दाद कोणाकडे मागणार? अण्णांनी साउंडफाँटचा, म्हणजे त्या नमुन्यांच्या संचाचा, कारभार स्वतःच हाती घेऊन बदल्या-बडतर्फ्या सुरू केल्या.

गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत एका हलगीवाल्यास घरी आणून, हलगी जाळावर शेकून, अलगद टिचकीपासून कडकडाटापर्यंत चार जोरांचे ठोके ते ध्वनिमुद्रित करीत असता, वहिनींनी शेंगाचटणीसह पुढे ठेवलेली कडक भाकरी मी नेमकी चौथ्या ठोक्याला मोडली. तेव्हापासून जोराचा ठोका पडला की हलगीबरोबर माझी दाढ वाजते. आणि तोच नमुना खालच्या स्वरांवर ताणून पसरल्यामुळे मंद्रात ती गुदामाचे दार मोडावे तशी कोसळते. हा दोष मी दाखविला तेव्हा अण्णा हर्षभरित होऊन म्हणाले, ‘‘म्हणजे तुम्हाला फरक कळतो, मालक!’’

हेलिकॉप्टरच्या जागी कोण आले, हे मात्र त्यांनी पुष्कळ दिवस गुलदस्त्यात ठेवले होते. परवा संध्याकाळी त्यांनी १२६ लावला आणि एक पट्टी दाबून धरली. माग वाजू लागला. धोट्याची फेक, फणीचा ठोका, आणि मागून कोणीतरी तेलुगूत चहाला मारलेली हाक. शेजारच्या शेडमधले चार माग भंगारात गेले त्याच्या आदल्या दिवसाचा तो नमुना होता. पंख्याची घरघर, कुत्र्याचे भुंकणे, फार काय, स्वतःचा श्वासही कापून टाकणाऱ्या या कर्मठ माणसाने ती हाक मात्र तशीच राहू दिली होती. आणि नमुना फिरून फिरून वाजत असल्यामुळे दर चार सेकंदांनी त्या मागावरच्या माणसाला कोणी तरी चहाला बोलावीत होते.

बाहेर गल्ली निःशब्द होती. अण्णांनी काही विचारले नाही. पट्टीवरचे बोटही त्यांनी बराच वेळ उचलले नाही, आणि मी हातातली भाकरी मोडली नाही.