नाळ कापल्यानंतरची बाई

पोटुशी असेपर्यंत बाईची चौकशी सगळे करतात. कितवा लागला, गोळ्या घेतेस ना, सोनोग्राफी झाली का. डोहाळजेवण होतं, ओटी भरतात, आशाताई दारात येतात, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर मोफत तपासतात. नाळ कापली की सगळ्यांच्या नजरा पाळण्यात. वजन किती, रंग कोणाचा, बारसं कधी. आईचा रक्तदाब किती, हे आपल्या खंडाळा तालुक्यातल्या कुठल्या घरात विचारलं जातं?

प्रश्न जिवाचा आहे. जगभरात निम्म्याहून अधिक मातामृत्यू बाळंतपण उरकल्यानंतरच्या काळात होतात. रक्तस्राव थांबला नाही तर धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत दगावते. झटके फक्त गरोदरपणात येतात असं लोक धरून चालतात, ते बाळंतपणानंतरही येतात. त्याआधी डोकं फुटेस्तोवर दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, जागरणाने होतंय. ताप चढला, अंगावरून जाणाऱ्याला वास यायला लागला, तर वारं लागलं म्हणून कानाला फडकं घट्ट आवळतात. एक पोटरी सुजून दुखायला लागली तर शेक देतात. त्या पोटरीत रक्ताची गुठळी असेल आणि ती फुप्फुसात गेली, तर शेगडी काय करणार?

महाराष्ट्राचा आकडा चांगला आहे. २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू, देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. आपल्या पुढे तेव्हा फक्त केरळ होतं, १९ वर. शंभरातली सुमारे ९५ बाळंतपणं आज राज्यात दवाखान्यात होतात. हे सहज झालेलं नाही, गावोगावच्या परिचारिका आणि आशांनी ते घडवलं. पण त्याच राज्यात जवळपास निम्म्या गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. आधीच कमी, त्यात बाळंतपणात आणखी गेलेलं. म्हणून लोहाची गोळी बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायची असते. ती पाकिटं किती घरांत फडताळात पडून राहतात, ते आशाताईंना विचारा.

सव्वा महिन्याच्या रिवाजाला माझा विरोध नाही. उलट, तो पाळा. बाईला काम लावू नका, अळीवाची खीर द्या, डिंकाचे लाडू द्या, झोपू द्या. शहाण्या बायकांनी घालून दिलेली सक्तीची रजा आहे ती. जागतिक आरोग्य संघटनाही मातामृत्यू मोजताना बाळंतपणानंतरचे ४२ दिवस धरते. आजीचा सव्वा महिना त्याच्या जवळपासच येतो. धोका किती दिवसांचा हे आजीने बरोबर ओळखलं होतं. चुकतं ते बंद खोलीत, धुरीत, पाणी तोडण्यात आणि उंबरठा ओलांडू न देण्यात. रक्तदाबाचं यंत्र उपकेंद्रात आणि बाळंतीण घरात, अशी स्थिती असेल तर यंत्राने बाळंतिणीकडे गेलं पाहिजे. सोपी गोष्ट आहे. का होत नाही?

आशाताई जातात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या सहा भेटींचे मिळून केंद्राने ठरवलेले अडीचशे रुपये. भेटीचा मुख्य रोख बाळावर, त्याचं वजन, त्याचा ताप. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळं वाचवली, त्यातून ही योजना उभी राहिली. बाळांसाठी जे जमलं ते आईसाठीही जमेल. त्यासाठी आशाताईंना नीट मोबदला द्यावा लागेल.

आता माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी. नोंदणी शिरवळला सासरी, बाळंतपण लोणंदला किंवा थेट माणमध्ये. सासरच्या आशाताई म्हणतात ती इथं नाही, माहेरच्या म्हणतात आमच्याकडे नाव नाही. सहाच्या सहा भेटी अशा मधल्यामध्ये हरवतात, तेही पहिलटकरणीच्या, जिला काय दुखतंय हे सांगायलाही संकोच वाटतो.

आणि घाट. खंडाळ्याहून साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात हलवायचं तर खंबाटकी आडवा. जुना बोगदा साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्यांसाठी. साताऱ्याकडे निघालेल्या वाहनांना वर्षानुवर्षं घाटच चढावा लागला. जोडून सुट्ट्या आल्या की तिथं काय होतं, ते इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. दोन तासांच्या रक्तस्रावाचा हिशेब या चढणीशी घालून बघा. म्हणून रक्त, भूल आणि शस्त्रक्रिया यांची सोय घाटाच्या अलीकडे, अष्टौप्रहर हवी.

याच तालुक्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई जन्मल्या. पहिली शिक्षिका म्हणून आपण त्यांना हार घालतो. त्यांनी बाळंतपणं केली, हे भाषणात कमी येतं. १८६३ मध्ये जोतीराव आणि त्यांनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवेने यावं, बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं, नाहीतर ठेवून जावं. तिथं बाळंत झालेल्या एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, पुढे तो डॉक्टर झाला. गावाने टाकलेल्या बाईला आधी आसरा, मग सुखरूप सुटका, आणि सुटकेनंतरही तिच्या मर्जीचा विचार. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, सरकारी पैशाविना, लोकांच्या शिव्या खात.

आमची मागणी त्यापुढे किरकोळ आहे. दवाखान्यातून सोडताना कार्डावर बाई पुढचा सव्वा महिना कुठे राहणार ते गाव लिहा, तिथल्या आशाताईंचा फोन नंबर लिहा आणि तो नंबर दवाखान्यानेच त्याच दिवशी लावावा. पहिल्या आठवड्यात परिचारिकेने घरी जाऊन आईचा रक्तदाब मोजावा, टाके पाहावेत, रडू येतं का, झोप लागते का, हेही विचारावं. नवऱ्याला धोक्याची लक्षणं बाईसमोर बसवून सांगा. तासाभरात कापड भिजलं तर सासूला, मामाला, कोणालाही न विचारता १०८ लावायचा, हे त्याच्याकडून वदवून घ्या आणि मगच सुट्टीच्या कागदावर त्याची सही घ्या.