उंटावरून शेळ्यांची राखण

शेळी जायचीच असेल, तर ती बिबट्याच्या तोंडी जावी. जुन्नर-शिरूर पट्ट्यातला कुठलाही मुरलेला पशुपालक हा सल्ला फुकटात देईल आणि देताना हसणारही नाही. बिबट्याने शेळी मारली, की वन विभागाला कळवायचं, मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही. वनरक्षक येतो, जनावरांचा डॉक्टर येतो, पंचनामा होतो आणि बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम मंजूर होते. हेलपाटे पडतात, पैसे रखडतात, हे खरंच. पण बिबट्याच्या मागे एक अख्खं खातं उभं असतं.

शेळी आजाराने गेली आणि विमा उतरवलेला असला, तर विमा कंपनी असते. तिचा मंत्र सुटसुटीत आहे : बिल्ला नाही, तर दावा नाही. मेलेल्या शेळीच्या कानात बिल्ला दिसला पाहिजे, म्हणजे ती मेली यावर कंपनीचा विश्वास बसतो.

तिसरा प्रकार चोरीचा. इथे वन विभाग म्हणतो, चोर हा वन्यप्राणी नाही. विमा पॉलिसीत बारीक अक्षरांतल्या अपवादांच्या यादीत चोरी आणि बेपत्ता होणं ही जोडी सहसा ठाण मांडून बसलेलीच असते. पशुसंवर्धन खातं म्हणतं, आमच्याकडे लस आहे, देऊ का? तेव्हा चोराने जाता जाता ओल्या मातीत पंजाचे दोन-चार ठसे उमटवायची माणुसकी दाखवली, तरी मालकाच्या संसाराला मोठा हातभार लागेल.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या भरल्या आणि त्यांतल्या एक कोटी सहा लाखांच्या आसपास महाराष्ट्रात. यांतल्या बऱ्याचशा भूमिहीनांच्या आणि दोन-तीन एकरवाल्यांच्या दारात असतात, आणि त्यांचं चारापाणी बहुतेक घरांत बाईच बघते. उस्मानाबादी शेळी पाच महिन्यांत विते, बऱ्याचदा जुळी देते, झाडपाल्यावर निभावून नेते. पोराची फी, दवाखाना, पेरणीचं बियाणं, काहीही अडलं की तिला बाजार दाखवता येतो. म्हणून शेळीपालनाच्या प्रत्येक प्रशिक्षणात तिला ‘चालतं-फिरतं एटीएम’ म्हणतात. चोरांनी हे व्याख्यान फार मन लावून ऐकलेलं दिसतं. या एटीएमला पिन नाही, रखवालदार नाही, आणि ते आपल्या पायांनी गाडीपर्यंत येतं.

गाडीही आता ऐपतदार असते. पूर्वीचा शेळीचोर शेळी खांद्यावर टाकून उसात शिरायचा. आताचा मागची सीट काढलेल्या, काळ्या काचांच्या मोटारीतून येतो. नाक्यावर टेम्पो अडवतात, पाहुण्यांच्या गाडीला कोण अडवणार? सकाळी दिसतं ते एवढंच : खुंट्याला लोंबणारं दाव्याचं कापलेलं टोक, उलटी झालेली पाण्याची पाटी, डांबरी सडकेपर्यंत गेलेल्या चाकांच्या खुणा, आणि डालग्याखाली झाकलेली दोन करडं, ओरडून ओरडून घसा बसलेली. चोर हिशेबी असतो. अंगावर पिणाऱ्या करडांना वजन नसतं, ती तो ठेवून जातो. त्यांना बाटलीने दूध पाजायचं काम मागे राहिलेल्या बाईचं, आणि ते दूध विकतचं.

मग ठाणं. पंचतंत्रातल्या तीन ठगांनी खांद्यावरची शेळी म्हणजे कुत्रं आहे, हे ब्राह्मणाला वाटेत तीनदा सांगून पटवलं होतं. इथेही तिघं भेटतात. पहिला म्हणतो, “मावशी, चुकली असेल. येईल संध्याकाळपर्यंत.” दुसरा आवाज खाली आणून विचारतो, “घरातल्याच कुणी विकली नाही ना? पोरगं पितं का?” तिसरा म्हणतो, “लांडग्यानं नेली असेल, रक्त सांडलंय का बघा.” तीन टेबलं ओलांडेपर्यंत बाईलाच शंका येते, की आपल्या दारात शेळ्या होत्या तरी का. तरीही ती हटली नाही, तर लिहिणारा हवालदार वर्णन विचारतो.

“रंग?”

“काळा.”

“मावशी, सगळ्याच काळ्या असतात. खूण काय?”

“माझा आवाज वळखती.”

“हे लिहिता येत नाही. खरेदीची पावती?”

“घरातच जल्मली, सायेब. तिच्या आईची बी पावती न्हाई.”

हवालदाराचा तरी काय दोष? कायद्याचंच शेळीशी फारसं सख्य नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत जनावर मारण्याच्या किंवा जायबंदी करण्याच्या कलमात हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय ही मंडळी नावानिशी होती, मग त्यांची किंमत काहीही असो. शेळीला जागा मिळाली ‘इतर कोणतेही जनावर’ या गर्दीत, तीही पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त किंमत असेल तर. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं कायद्याने उंटाला नावाने ओळखलं आणि शेळीला भावाने. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत या कलमातली किंमत गेली, पण चोरीच्या कलमात दुसरी येऊन बसली. चोरलेला माल पाच हजारांहून कमी किमतीचा, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला, आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, असं जमून आलं तर शिक्षा समाजसेवेची. शिवाय पाच हजारांच्या आतला हा प्रकार अदखलपात्र. आता दहा-बारा हजारांच्या गाभण शेळीची किंमत ठरवताना टेबलावरचं पेन पाच हजारांच्या अलीकडेच का अडखळतं, हे पेनालाच विचारायला हवं.

पोलिसांना जनावरं शोधता येत नाहीत, असं मात्र कोणी म्हणू नये. २०१४ साली उत्तर प्रदेशातल्या रामपूरमध्ये तेव्हाचे मंत्री आझम खान यांच्या सात म्हशी चोरीला गेल्या. पोलिसांची पथकं सुटली, गुन्हे शाखा कामाला लागली, श्वानपथक आलं, आणि दोन-तीन दिवसांत म्हशी घरी पोचल्या. तीन पोलिसांची रवानगी मुख्यालयात झाली ती वेगळी. तपासाचं शास्त्र आपल्याकडे पूर्ण विकसित आहे, म्हशीचा मालक तेवढा योग्य निवडावा लागतो.

आणि मालक साधा असला, तरी आशा सोडू नये. १९६५ साली बीदर जिल्ह्यातल्या मेहकर गावातून दोन म्हशी आणि एक वासरू चोरीला गेलं. संशयित विशीतला. पकडला गेला, जामिनावर सुटला आणि पुन्हा कोर्टात उगवलाच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कर्नाटक पोलिसांनी त्याला सीमेअलीकडे आपल्या लातूर जिल्ह्यात गाठलं, तेव्हा तो पंच्याहत्तरी ओलांडलेला म्हातारा होता. अठ्ठावन्न वर्षं! म्हशी कधीच निजधामाला गेल्या होत्या, त्याचा एक साथीदारही वारला होता. फाइल तेवढी धडधाकट होती.

समजा, शेळी सापडली. आता ती शेळी राहत नाही, मुद्देमाल होते. मुद्देमाल ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्याहून जास्त ठेवू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई खटल्यात २००२ मध्येच बजावलं आहे. तेव्हा कोर्टाचा हुकूम घेऊन, सुपूर्तनामा लिहून देऊन मालकाने आपलीच शेळी घरी न्यायची आणि बोलावलं की हजर करायची. दरम्यान मुद्देमाल दर आठ-नऊ महिन्यांनी विणार. पोटच्या करडांना मुद्देमालात धरायचं का व्याजात, हा प्रश्न एखाद्या होतकरू वकिलाने जरूर लढवावा.

पूर्वी याबाबत एवढा घोळ नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोऽध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जनावराचा डाग, अंगावरची खूण, रंग, दोन शिंगांमधलं अंतर, हे सगळं त्याने वहीत उतरवायचं. जनावर चोरणाऱ्याला आणि चोरवणाऱ्याला शिक्षा एकच : वध. महाराष्ट्रात देवळांच्या आवारात वीरगळ उभे असतात, त्यांतल्या काहींच्या खालच्या पट्टीत गाईंचा कळप कोरलेला असतो. गावची गुरं हाकून नेणाऱ्यांशी लढताना पडलेल्याचं ते स्मारक. आज त्याच दगडाला शेळी बांधतात.

शिक्षा आणि शौर्य राहू द्या, गंमत जागल्याच्या नेमणुकीत होती. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात ही रीत नोंदली आहे. चोरी झाली की गावच्या जागल्याने माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत नेऊन दाखवला, की जबाबदारी त्या गावच्या जागल्यावर. तिथून तिसऱ्यावर. माग जिथे तुटला, त्या गावावर आणि तिथल्या जागल्यावर भरपाई. वतनदारीचा हा कारभार अन्यायाचा होता, जागल्याच्या वाट्याला मार आणि उपासही आला, म्हणून तो गेला ते बरंच झालं. फक्त तो जाताना भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्नही बाडबिस्तऱ्यासकट घेऊन गेला. १९६७ चा ग्रामपोलीस कायदा आला, पोलीस पाटील आले, बैठका आल्या. शेळीचं नुकसान मात्र माग न काढताच थेट मालकाच्या शिवेत जाऊन थांबतं.

सरकार अर्थात स्वस्थ बसलेलं नाही. जनावराच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारला जातो, तोच त्याचा आधार. १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री नको, असा राज्याचा आदेश आहे. कल्पना उत्तम आहे. एकच अडचण : बिल्ला कानात असतो आणि कान चोराच्या हातात. कात्रीचा एक घाव, की आधार संपला. आणि शेळी पहाटेच्या आत मटण झाली, तर किलोला सातशे-आठशे रुपये मोजणाऱ्या गिऱ्हाइकाने आजवर कोणाला बारा आकडे विचारले आहेत? शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड.

मग तज्ज्ञ सल्ला देतात : गोठ्याला जाळी बसवा, लोखंडी दार करा, कॅमेरा लावा. तीन शेळ्यांच्या मालकिणीने हे सगळं करायचं, तर त्यासाठी आधी दोन शेळ्या विकाव्या लागतात. उरलेल्या एकीचं चित्रीकरण मात्र सुरेख होईल, रात्री वीज असेल तर.

स्वस्तातला आणि चालणारा एक उपाय आहे. पुणे, नाशिक अशा जिल्ह्यांतल्या पुष्कळ गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा सुरू आहे. वस्तीवरच्या माणसाने एका क्रमांकावर फोन करून काय घडलं ते बोलायचं, त्याचा आवाज काही क्षणांत गावातल्या सगळ्या मोबाइलवर वाजतो. गाव जागं होतं, रस्ते अडवता येतात.

पण जागं झालेलं गाव नेहमी रस्ताच अडवतं असं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावात शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या नुसत्या संशयावरून चौघांना, दलित तरुणांसह, झाडाला उलटं टांगून मारलं. जिथे तपास होत नाही तिथे संशय न्यायाधीश होतो, आणि त्याच्या कोर्टात आरोपी कोण हे जात पाहून ठरतं. मागची सीट काढलेल्या मोटारीतला माणूस अशा झाडाखाली कधी सापडत नाही.

खरं तर त्याला गाठायला झाड लागत नाही, टेबल पुरतं. चोरीच्या शेळीला जायला जागा दोनच : खाटकाचं परसू किंवा आठवडी बाजार. लोणंदसारख्या शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात आत शिरताना बाजार समितीचा माणूस पावतीपुस्तक घेऊन बसलेला असतो आणि त्याची नजर चुकवून करडूसुद्धा आत जात नाही. खिशात त्याच्या मोबाइल असतो. विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि शेळीचे बारा आकडे पडताळल्याशिवाय पावती फाडायची नाही, ताजा फाटलेला कान दिसला की ठाण्याला फोन लावायचा, एवढं त्याने केलं तरी निम्म्या मोटारींच्या सीटा परत जागेवर बसतील. तो सांगतो, टॅग बघायचं काम पशुसंवर्धनाचं. पशुसंवर्धनवाले सांगतात, दारावर उभं राहायचं काम बाजार समितीचं. दोघं मिळून ठाण्याकडे बोट दाखवतात, आणि ठाणं विचारतं, मालक कुठं झोपला होता?

मालक गोठ्यातच झोपला होता. पहिल्या चोरीपासून तो तिथेच खाट टाकून पडतो. रात्रभर कानोसा घ्यायचा, पहाटे डोळा लागायचा आणि दिवसाची मजुरी बुडवायची. त्याची ही हकिगत ऐकून हवालदाराला खरोखर कळवळा येतो.

“एखादं कुत्रं पाळा की, दादा.”

“पाळलं हुतं, सायेब. पैल्यांदा त्येच न्हेलं.”